विश्रामबागेतलं सिंधी जेवण, निर्वासितांच्या मदतीसाठी

विश्रामबागेत एका सिंधी कुटुंबानं घरीच पंगत ठेवली होती. जमलेले पैसे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेला. त्यांची आजी फाळणीनंतर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत आली, म्हणजे आजच्या गांधीनगरला. त्याआधी तिथं पोलिश निर्वासित राहायचे.

आजीच्या पद्धतीची कढी अप्रतिम! ताक नाहीच, बेसन तेलात खरपूस भाजून, चिंचेचा कोळ, शेवगा, भेंडी, गवार. भातावर घेऊन अक्षरशः ओरपली. पालक, चुका, हरभरा डाळीची साईभाजी छान घोटलेली, वर लसणाची फोडणी. कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाड सिंधी पोळी, मात्र गार होती आणि पंगत बरीच उशिरा बसली. वाढपी वाढवायला हवेत. ताटाचा दर नाही, दाराशी पेटी. ज्याला जमेल तेवढं टाकावं, हे फार पटलं. पुढच्या वेळी जरूर जा. वाढायला आम्ही येतो, असं सांगून आलोय.