२९,६०० रुपयांची सिलिकॉनची ट्यूब

पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण लाज त्याहून जास्त वाटते. वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात पंपांच्या मेन्टेनन्सला मी अठरा वर्षं काढली. ओ-रिंगवर, म्हणजे गळती अडवणाऱ्या रबरी कड्यावर, सिलिकॉन फासणाऱ्या पोराला एकदा शिफ्ट अर्धी टाकून घरी पाठवलं होतं. आणि माझ्याच गाडीच्या इंजिनवर तेच करडं सिलिकॉन बघून मी मान डोलावून आलो. बायकोला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

गाडी २०१६ ची, चार सिलिंडरची पेट्रोल. ऑक्टोबर २०२५ मध्ये, दिवाळीच्या पंधरवडाभर आधी, सासुरवाडीला बेळगावला निघालो होतो. केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलो आणि गाडी गचके द्यायला लागली, इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकू लागला. तिथूनच माघारी फिरलो. कारखान्यातल्या एकाने बार्देशातल्या एका गॅरेजचं नाव सांगितलं. मशीन लावलं, कोड आला पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचं मिसफायर, तिथे पेट्रोल नीट पेटत नाही. मालक म्हणाला, "पात्रांव, ई-२० पेट्रोलान इंजेक्टर खाल्ले. चारूय बदलूंक जाय. रेलूय." म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने पेट्रोलचा फवारा मारणारे इंजेक्टर खाल्ले, चारही बदलायला हवेत, आणि त्यांना पेट्रोल पुरवणारा पाइप, म्हणजे रेलही.

बिघाड एका सिलिंडरचा आणि इंजेक्टर चार, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. पण तुम्हीच सांगा, ई-२० बद्दल रोज उठून जे कानावर पडतंय, ते ऐकून जुन्या गाडीवाल्याच्या पोटात गोळा येणार नाही तर काय? त्याने माझी भीती ओळखली आणि तीच मला विकली.

बिल असं: इंजेक्टर ३,४५० प्रमाणे चार, १३,८००. फ्युएल रेल ५,६००. ओ-रिंगचा सेट ६४०. थ्रॉटल बॉडी साफ करणं ९००, मजुरी २,५००. पार्टवर २८ टक्के जीएसटी ५,६११, मजुरीवर ६१२. एकूण २९,६६३. त्याने वरचे ६३ मोठ्या मनाने सोडले. २०,००० मोबाईलवरून घेतले, तेही गॅरेजच्या नव्हे, भलत्याच कुणाच्या नावावर, आणि ९,६०० रोख. वर मी गॅरेजातल्या पोराच्या हातावर दिवाळीचे म्हणून २०० ठेवले. ते २०० सर्वांत जास्त बोचतात.

आता तो क्षण. बॉनेट उघडून मालकाने टॉर्च मारला. रेल मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) दोन बोल्टांनी बसवलेली, चार इंजेक्टर ओळीत, आणि प्रत्येक इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये शिरतो तिथे करडा लगदा बाहेर आलेला. मी विचारलं, हे काय? "कंपनीचा सीलर, लीक जावचें न्हय म्हण." इंजेक्टरला दोन ओ-रिंगा असतात. वरची रेलमधलं तीन-चार बारच्या दाबाचं पेट्रोल अडवते, खालची मॅनिफोल्डमध्ये बाहेरची हवा शिरू देत नाही. नव्या रिंगेला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावायचं, इंजेक्टर सरळ दाबायचा, बसल्यावर तो हाताने फिरला पाहिजे. सीलरचं तिथे काही कामच नाही, आणि साधं सिलिकॉन पेट्रोलपुढे टिकतही नाही. हे मला माहीत होतं. माझ्याच धंद्यातली गोष्ट! पण संध्याकाळचे साडेसात वाजलेले, पावसाची सर आलेली, पर्वरीचा ट्रॅफिक डोळ्यांसमोर. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, भंगारवाला घेऊन गेला. टेबलावर चार रिकामे खोके होते, तेवढं बघून मी समाधान करून घेतलं. पार्ट बदलायला देणार असाल तर चावी हातात ठेवायच्या आधीच "जुने मला परत हवेत" असं बिलावर लिहून घ्या. रिकामे खोके कुणीही मांडून ठेवतो.

आणि ते २८ टक्के! गाड्यांच्या पार्टवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वर आलाय, हे मी स्वतः चहाच्या टेबलावर लोकांना सांगत होतो.

चार दिवस सपाटीवर गाडी बरी चालली, आणि त्याने कोड पुसून टाकल्यामुळे दिवाही विझला होता. मग सिग्नलवर उभी असताना इंजिन १,५०० वर जाऊन खालीवर व्हायला लागलं, बॉनेटखालून स्स्स असा आवाज, आणि गाडी बंद केली की पेट्रोलचा वास. गरम इंजिनवर पेट्रोल म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. असं काम करून आणलंत तर इंजिन सुरू न करता चावी दोन-तीनदा नुसती ऑन करा, पंप दाब धरतो, मग टॉर्च घेऊन वरच्या रिंगा बघा आणि नाक वापरा.

फोंड्याच्या एका म्हाताऱ्या मेस्ताकडे, म्हणजे मेकॅनिककडे, नेली. त्याने आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन फिरवलं, रेलमधला दाब मारला, मगच बोल्टाला हात लावला. (पहिल्या गॅरेजात हे केलं का, देवाला ठाऊक.) रेल बाहेर आली तर तिच्यावर २०१६ चं फॅक्टरीचं स्टिकर. इंजेक्टरांच्या तोंडातल्या जाळ्या तपकिरी. रिंगा जुन्या, टणक, दोन चिरलेल्या, त्यांच्यावर लगदा. म्हणजे नवं काहीच नाही, फक्त सिलिकॉन. मग मेस्ताने तिसरी कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगी देणारी) दुसऱ्यावर आणि दुसरी तिसऱ्यावर घालून गाडी तापेपर्यंत चढावर पळवली. कोड आला पी ०३०२. मिसफायर कॉइलबरोबर सरकलं, दोष कॉइलचा होता. कॉइल १,९५०, रिंगा ४८०, मजुरी १,२००. एकूण ३,६३०. एका सिलिंडरचा कोड असेल तर आधी कॉइल अदलाबदल करून दाखवा म्हणा, नाही म्हटलं की गाडी बाहेर काढा.

गॅरेजवाल्याने फोन घेणं बंद केलं. प्रत्यक्ष गेलो तर म्हणे, दुसऱ्या मेस्ताने माझे नवे इंजेक्टर काढून जुने घातले असतील. पोलीस स्टेशनात गेलो. हवालदाराने बिल उलटंपालटं केलं आणि म्हणाला, हे सिव्हिल मॅटर, ग्राहक मंचात जा. मी म्हटलं, न घातलेल्या मालाचे पैसे घेणं ही फसवणूक नाही? "साहेब भायर गेल्यात, सोमवारा यो." सोमवारी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला अर्जावर शिक्का मिळाला, तोही झेरॉक्सवर. वाहतूक खात्याच्या खिडकीवर म्हणाले, गॅरेज आमच्याकडे येत नाही. करखात्याच्या कचेरीत म्हणाले, ऑनलाइन टाका. टाकलं. बिलावरच्या जीएसटी नंबरात अक्षरं-आकडे मिळून पंधरा असायला हवेत, त्याच्या बिलावर चौदाच होते, हेही कळवलं. नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात, पैसे देण्याआधी ती दोन मिनिटं काढा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तिथली तयारी चालू आहे. मेस्त लेखी द्यायला तयार नाही, त्याला धंदा करायचाय. त्याचंही खरं आहे.

गेल्या आठवड्यात मोबाईलवर मेसेज आला, तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे. पोर्टल उघडून बघितलं, तर शेरा होता: "पुढील कार्यवाहीसाठी संबंधित पोलीस स्टेशनकडे वर्ग."