लँडलाइन ठेवायची की नुसतं इंटरनेट घ्यायचं?

घरचा फोन आता वाजला तरी पलीकडून कोणीतरी काहीतरी विकतच असतं, भाडं मात्र न चुकता भरायचं, मग काढूनच टाकू ना ती लँडलाइन, असा विचार सुरू झाला असेल तर आधी एक ठरवा, की लँडलाइन नको म्हणजे नक्की काय नको? कारण यात तीन वेगळे पर्याय आहेत आणि लोक ते एकाच पिशवीत कोंबतात. एक म्हणजे वायर तीच तांब्याची, फोन बंद, फक्त डीएसएल (टेलिफोनच्या वायरवरून येणारं इंटरनेट) चालू, याला नेकेड डीएसएल म्हणतात. दुसरा फायबर. आणि तिसरा म्हणजे वायरच नको, सिम टाकून चालणारा ४जी नाहीतर ५जी राउटर.

आधी नेकेड डीएसएल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. फोन काढला की स्पीड वाढेल असं वाटतं, तसं होत नाही. आपला आवाज त्या वायरवर साधारण ३४०० हर्ट्झपर्यंतच असतो आणि एडीएसएल (डीएसएलचाच नेहमीचा प्रकार) सुरू होतं २५ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे दोघं आधीपासूनच वेगळ्या खोल्यांत राहतायत, एकाला घराबाहेर काढून दुसऱ्याला काही मोठी जागा मिळत नाही. एडीएसएल२+ ची कागदावरची हद्द २४ एमबीपीएस, तीसुद्धा टेलिफोन एक्स्चेंज जवळ असेल तर, आणि अपलोड एक-दीडच्या आत. फायदा झालाच तर इतका की फोनचे फिल्टर (आवाज आणि नेट वेगळं करणारे छोटे डबे) निघतात, आणि एखादा फिल्टर खराब असल्यामुळे फोन वाजला की नेट तुटत असेल तर तो त्रास जातो.

तोटा मात्र कोणी सांगत नाही. लाइनवर डायल टोन नसतो. म्हणजे डीपी बॉक्स (घरोघरी वायरी वाटणारा डबा) उघडून बसलेला लाइनमन तुमच्या वायरींची जोडी चेक करतो, काही ऐकू येत नाही, त्याला वाटतं ही रिकामी आहे, आणि तो ती दुसऱ्याला देऊन टाकतो! शिवाय पूर्वी नेट अडखळायला लागलं की रिसीव्हर कानाला लावायचा, खरखर ऐकू आली की कळायचं वायरीतच काहीतरी गडबड आहे, ती फुकटची टेस्टही गेली. माझं मत विचाराल तर फायबर येतच नसेल आणि भाड्यात खरंच बरा फरक पडत असेल तरच हे करा.

फायबर येत असेल तर नेटच्या बाबतीत तुलना करायचं फारसं कारणच उरत नाही. तांब्यावर एक्स्चेंजपासून जितकं लांब तितका स्पीड कमी, फायबरला ह्या अंतरांचं काही वाटत नाही. जीपॉन (एकच फायबर बऱ्याच घरांत वाटायची पद्धत) प्रकारात खाली येताना अडीच आणि वर जाताना सव्वा जीबीपीएस, ते ३२ किंवा ६४ घरांत वाटलेलं असतं, पण सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत. खरा फरक अपलोडमध्ये जाणवतो, व्हिडिओ कॉल, फोटोंचा बॅकअप वगैरे. आणि गंमत म्हणजे फोन पूर्ण सोडावा लागतोच असं नाही, बऱ्याच ओएनटी डब्यांना (फायबर घरात येऊन ज्यात जोडली जाते तो डबा) मागे फोनचं सॉकेट असतं, जुनाच फोन त्यात खुपसायचा, आवाज नेटवरून जातो. एका कॉलला १०० केबीपीएसच्या आसपास लागतं, म्हणजे काहीच नाही. पण ही सोय प्लॅनमध्ये आहे का ते आधी विचारा.

वीज गेली की मात्र जुना फोन जिंकतो. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट येतात, त्यामुळे घरात अंधार असला तरी साधा फोन चालतो (कॉर्डलेस नाही हां, त्याच्या बेसला वीज लागते). फायबरवर ओएनटी आणि राउटर दोघांना वीज हवी. मोबाइलची रेंज घरात चांगली असेल तर सोडून द्या, पण भिंती जाड आहेत, रेंज येत नाही, वायफाय कॉलिंगवर काम भागतंय असं घर असेल तर वीज गेल्यावर नेटही नाही आणि फोनही नाही. तिथे राउटरवाला छोटा डीसी यूपीएस घेतल्याशिवाय लँडलाइन काढू नका.

सिमवाल्या राउटरचं सुख म्हणजे खोदकाम नाही, घर बदललं की उचलून न्यायचा. दुःख म्हणजे टॉवर सगळ्यांचा, संध्याकाळी सगळे घरी आले की स्पीड बसतो, डेटाला मर्यादा असू शकते, आणि बऱ्याचदा तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा स्वतंत्र पत्ता) मिळत नाही. राउटरमध्ये वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर समजायचं सीजीनॅट आहे, म्हणजे एकच पब्लिक आयपी बऱ्याच ग्राहकांत वाटलेला, मग बाहेरून पोर्ट उघडून घरचा कॅमेरा बघणं विसरा. घ्यायच्या आधी त्याच कंपनीचं सिम फोनमध्ये घालून, राउटर जिथे ठेवणार तिथेच हॉटस्पॉट लावून रोज रात्री ९ ला आठवडाभर चालवून बघा, दुपारच्या स्पीड टेस्टला काही अर्थ नाही.

आता घरात एक चक्कर मारा आणि त्या वायरला अजून काय काय लटकलंय ते बघा. चोर-अलार्म, फॅक्स, लिफ्टमधला इमर्जन्सी फोन, आजारी माणसाचं मदतीचं बटण. यातल्या काही गोष्टी नेटवरच्या फोनवर नीट चालत नाहीत, फॅक्स तर हमखास रडतो.

आणि नंबर. इथे मी स्वतः आपटलोय. नंबर दुसरीकडे नेता येतो का हे न विचारताच आधी फोन बंद करायचा अर्ज दिला, तर ब्रॉडबँडचं खातं त्या फोन नंबरवरच बांधलेलं निघालं, दोन्ही एकदम बंद, नवीन कनेक्शन यायला अकरा दिवस, आणि नंबर कायमचा गेला तो गेलाच. मग लक्षात आलं की बँकेत आणि विम्याच्या कागदांवर तोच दिलेला होता. तेव्हा क्रम असा ठेवा, आधी नवीन कनेक्शन चालू, मग नेता येत असेल तर नंबर तिकडे, तो तिकडे वाजतोय याची खात्री, नसेल येत तर सगळीकडे नवीन नंबर कळवणं, आणि सगळ्यात शेवटी जुनी लाइन. महिनाभर दोन्हीची बिलं भरावी लागली तरी भरा.

बिलाची तुलना करताना नुसतं महिन्याचं भाडं बघू नका, राउटरचं भाडं, बसवायचा खर्च, किती महिने अडकून राहायचं हे सगळं वर्षाचं मांडा, कारण कधीकधी फोनसकटचा पॅक फोनशिवायच्यापेक्षा स्वस्त निघतो, मग फोन राहू दे, रिंगर बंद करून टाका.

नवीन बसलं आणि यूपीएस जोडला की एकदा रात्री मेन स्विच बंद करून बघा. नेट चालू राहिलं पाहिजे. नाही राहिलं तर ओएनटीचा अडॅप्टर बघा, यूपीएसला नुसता राउटरच जोडलेला असतो आणि ओएनटी बिचारा अजून भिंतीतल्या सॉकेटातच असतो.