हिरवी टिक आणि रिकामा फोल्डर: बॅकअप सॉफ्टवेअर, आठ महिन्यांनंतर

फीचर सगळ्यांना माहितीयेत, म्हणून थेट रडगाण्यावर येतो. नाशिकच्या अंबडला आमचं प्रेस पार्टचं युनिट, सगळी ड्रॉइंगं नॅसवर (नेटवर्कवरची सामायिक डिस्कपेटी), तो नॅस लिनक्स सर्व्हरला एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर जोडायची पद्धत) माउंट केलाय, म्हणजे जोडलाय, आणि त्या सर्व्हरवरचा बॅकअप सॉफ्टवेअरचा एजंट रोज रात्री बॅकअप घेतो. म्हणजे घेतो असं मी समजत होतो.

गेल्या महिन्यात डिझाइनच्या पोराने एका कस्टमरचा अख्खा फोल्डर उडवला. म्हटलं घाबरू नको, चहा सांग, तोवर काढून देतो. कन्सोलवर रोजच्या जॉबला हिरवी टिक. कालची तारीख उघडली, फोल्डर रिकामा. परवाची, रिकामा. असं मागे जात जात 19 दिवस रिकामे, चहा तसाच राहिला.

झालं असं की लाइट गेली होती, आल्यावर सर्व्हर पटकन उठला आणि नॅस आपला निवांत पाच मिनिटांनी, त्यामुळे माउंट झालंच नाही, नुसता रिकामा फोल्डर उरला आणि एजंटने तोच इमानदारीत रोज बॅकअप केला. डिझाइनवाले विंडोजवरून थेट नॅसला जातात म्हणून कुणाला पत्ताही नाही. शून्य फाइल, तरी सक्सेस! अहो, आमच्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून शेंबडं पोरही सांगतं गोदेला पाणी किती चढलंय, आणि एवढ्या लाखमोलाच्या सॉफ्टवेअरला काल लाखो फाइल होत्या नि आज एकही नाही हे दिसू नये? सपोर्टला तिकीट टाकलं तर उत्तर काय, डिझाइनच तसंय. रिटेन्शन, म्हणजे कॉपी ठेवायची मुदत, 30 दिवसांची म्हणून वाचलो, अजून 11 दिवस गेले असते तर जुन्या चांगल्या कॉपीही एक्स्पायर. 19 दिवसांचं काम मात्र पोरांनी परत केलं आणि माझ्याकडे बघत केलं.

इथवर रागात लिहिलं होतं, एक स्टार. मग एफएसटॅब (सर्व्हरने बूटला काय काय माउंट करायचं त्याची यादी) बघितली तर त्यात 'नोफेल' मीच टाकलेलं, नॅस बंद असला तर सर्व्हर बूटला अडकू नये म्हणून. म्हणजे निम्मं पाप माझं. आता जॉबच्या आधी चालणारी प्री-स्क्रिप्ट लावलीये, 'माउंटपॉइंट' कमांडने तपासायचं, माउंट नसेल तर जॉब तिथेच फेल, लाल. चार ओळींचं काम, पण हे त्यांनीच द्यायला नको का?

बाकी ठीक. रूट स्क्वॉशमुळे (नॅस बाहेरच्या सर्व्हरच्या रूट युजरला साधा युजर समजतो) सुरुवातीला काही फोल्डरला परमिशन डिनाइड यायचं, बॅकअपवाल्या सर्व्हरपुरतं ते काढलं. वेळ कॉपीत कमी आणि फाइली चाळण्यात जास्त जातो, कारण बदललीये का हे प्रत्येक बारक्या फाइलमागे नेटवर्कवरून विचारावं लागतं. एनडीएमपी (नॅसच्या बॅकअपचा प्रोटोकॉल) घेतलं तर नॅस स्वतःच डेटा देतो म्हणे, पण त्याचं लायसन वेगळं, कोटेशन बघून साहेब म्हणाले त्यात दुसरा नॅस येईल. खोटं नाही ते.

रिस्टोअर मात्र झकास, जुनी कॉपी सापडल्यावर मूळ परमिशनसकट दहा मिनिटांत जागेवर. म्हणून तीन स्टार. रिन्यूअलसाठी परवा फोन आला होता, मी विचारलं शून्य फाइलची वॉर्निंग कधी देताय, तर म्हणे सर, फीचर रिक्वेस्ट टाका.