शेवंतीचा चहा पाच तारे, किटली दोन: हांगचौमधले सहा महिने

काल किटलीचा नवा बेस आला, म्हणून हे लिहायला बसले.

किटली नेहमीचीच. काचेची, दीड लिटरची, आत स्टीलची गाळणी, खाली बटणांची रांग: फुलांचा चहा, पेज, अंडी, 'गरम ठेवा'. इथे चीनमधल्या हांगचौमध्ये जवळपास प्रत्येक ऑफिसात एक दिसते. मी डिसेंबरात १६९ युआनना ऑनलाइन घेतली. पहिल्या महिन्यात विचारलं असतं तर पाच तारे दिले असते.

मग तिचा आवाज डोक्यात जायला लागला. पाणी उकळलं की टीं टीं टीं टीं टीं. चहा झाला की पुन्हा पाच. आणि कहर म्हणजे 'गरम ठेवा'चे सहा तास संपले की आणखी पाच. रात्री आठला लावलेली किटली दोन वाजता ओरडून सांगते, की आता मी गरम ठेवणं थांबवलंय. बरं बाई, थांब ना! सांगतेस कशाला? आवाज बंद करायचं बटण नाही. पेज शिजवायला आठ प्रकारचे पर्याय आहेत, गप्प बसायचा एकही नाही. शेवटी बेस उलटा करून भोकांवर कापूस आणि चिकटपट्टी लावली. तीन महिने शांततेत गेले.

त्या तीन महिन्यांत फुलं मात्र नीट कळली. इथली प्रसिद्ध शेवंती 'हांग बाय जू'. नाव हांगचौचं, पण पिकते मुख्यतः शेजारच्या तोंगश्यांगमध्ये. फुलं उमलण्याआधीच खुडली तर ती 'थाय जू'. महाग, पण चव गोडसर, म्हणून मी तीच आणते. एकदा स्वस्तात पांढरीशुभ्र फुलं उचलली. पिशवी उघडताच दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीच्या अंगणाचा वास आला. रंग उजळ राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात, हे नंतर समजलं. तीस युआन कचऱ्यात गेले, अजून जीव तुटतो. चांगली फुलं मळकट पिवळसर दिसतात, तीच घ्यावीत.

सासूबाई आल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, देवाची फुलं उकळून पितेस?" पण चिनी लोकांचं 'शांग हुओ' त्यांना एका वाक्यात कळलं, कारण तोंड आलं, डोळे चुरचुरले की आपणही 'उष्णता झाली' असंच म्हणतो. त्यावर इथे शेवंती. जोडीला खडीसाखर घालतात, तीही आपलीच. लाल खजूर म्हणून जे विकतात ते खरं तर बोराच्या जातीचं. सासरे रक्त पातळ होण्यासाठी वॉरफरिन घेतात, त्यांच्या कपात मात्र गोजी बेरी (चहात घालतात ती लाल सुकी फळं) घातली नाही. गोजीमुळे त्या गोळीचा परिणाम वाढू शकतो. शेवंती डोळ्यांना चांगली म्हणतात, पण माझं म्हणाल तर चष्म्याचा नंबर होता तिथेच आहे. दुपारचे दोन चहा सुटले, एवढंच. आणि एकदा उत्साहात दिवसभर शेवंतीच प्यायले, तर पोट ढिलं झालं. थंड आहे म्हणतात, त्याचा पुरावा मिळाला.

पाचव्या महिन्यात पडद्यावर 'ई १' आलं आणि किटली गार. वॉरंटी वर्षाची. चॅटवर सेवा विभाग प्रत्येक वाक्याआधी 'छिन' म्हणतो, म्हणजे 'प्रिये'. प्रिये, बेसचा फोटो पाठवा. पाठवला. प्रिये, तुम्ही यंत्रात बदल केला आहे, वॉरंटी रद्द. चिकटपट्टी! सहा दिवस वाद घातला, आईनंसुद्धा मला एवढं लाडानं कधी नाकारलं नसेल. शेवटी १२३१५ वर, म्हणजे इथल्या ग्राहक तक्रारीच्या नंबरावर, फोन करते म्हटलं, तेव्हा बेस बदलून द्यायला तयार झाले. पाठवणी खर्च बारा युआन माझ्याकडून. तेही लिहून ठेवलंय.

दरम्यान किटलीविना दिवस काढले, आणि इथे माझं मत फिरलं. आमच्या सोसायटीचा वॉचमन उंच काचेच्या ग्लासात पाच-सहा फुलं टाकतो. पहिलं पाणी घालून लगेच ओततो, मग उकळून जरा निवलेलं पाणी, वर झाकण, पाच मिनिटं. फुलं ग्लासात उभी उमलतात. त्याच फुलांवर तीनदा पाणी. तसं करून पाहिलं, तर चव किटलीपेक्षा सरळसरळ चांगली! किटलीचा 'फुलांचा चहा' फुलं खळाखळा उकळत ठेवतो, त्यानं पाणी तपकिरी होतं आणि कडवटपणा उतरतो. चार महिने मी त्या कडवटपणाचा दोष फुलांना देऊन महागडी फुलं बदलत होते. थर्मासमध्येही करून पाहिलं. २०१७ मध्ये एका जुन्या रॉक बँडच्या ड्रमरच्या हातात थर्मास दिसला आणि तेव्हापासून थर्मासमधली गोजी म्हणजे चाळिशी, असा विनोदच झालाय. गोजीला थर्मास ठीक, पण शेवंती त्यात तासाभरात शिजून जाते.

तेव्हा फुलांचा चहा करायला ही किटली घेऊ नका. दहा युआनचा झाकणाचा ग्लास घ्या. माझी आता मुलांची अंडी उकडायला ठेवली आहे.

नवा बेस सहा वेळा वाजतो.