जानेवारीत रातकिडे ओरडत नाहीत

शिकारी कुत्रं घेताना मी फसलो, 3,780 डॉलरला. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी मी तीन आठवडे 1,500 च सांगत होतो आणि ते निस्तरताना जी शोभा झाली ती पुरे.

मी मूळचा सातारचा, एकोणीस वर्षं ओहायोत. शेजारचा म्हातारा मका पिकवतो. रकून (मांजरापेक्षा थोडा मोठा, रात्री फिरणारा प्राणी) कणसं नासवतात, म्हणून नोव्हेंबरात सीझन उघडला की तो रात्री कुत्रं घेऊन ओढ्याकाठच्या रानात जातो. त्याच्याबरोबर दोन सीझन फिरलो. कुत्रं माग काढतं, रकून झाडावर चढतो, कुत्रं बुंध्याशी उभं राहून भुंकत राहतं आणि आपण बॅटरी घेऊन त्या आवाजाच्या दिशेने चिखल तुडवत जायचं. शिकारीचं लायसन्स, वर फर टेकर परमिट (रकूनसारख्या फरवाल्या जनावरांसाठीचं), सगळं रीतसर काढलेलं. नावं ठेवणाऱ्यांनी खुशाल ठेवावीत.

मग स्वतःचं कुत्रं हवंसं वाटलं, आणि इथे माझा अभ्यासू स्वभाव नडला. महिनाभर जातींचाच काथ्याकूट. ट्रीइंग वॉकर वेगवान, ताज्या मागावर सुसाट सुटणारा, स्पर्धांमध्ये त्याचाच बोलबाला. पण त्याच्यामागे धावायला गुडघे लागतात, माझ्या उजव्याचं ऑपरेशन झालंय. प्लॉट जर्मन रक्ताचा, खरा अस्वलावर जाणारा. रेडबोन देखणा. शेवटी ब्लूटिकवर शिक्का मारला: सावकाश चालणारा, तासांपूर्वीचा शिळा मागही न सोडणारा, गळा घंटेसारखा. निवड बरोबरच होती, आजही म्हणतो.

जाहिरातीत सापडलेला टेनेसीतला विक्रेता माझ्यापेक्षा मुरलेला निघाला. त्याने पहिल्यांदा भाव नाही, विचारलं, "तुम्हाला थंड नाक हवं की गरम?" म्हणजे शिळा माग काढणारं की ताजा. मी खूश, माणूस जाणकार आहे! मग त्याने इतिहास सांगितला. ब्लूटिक आधी इंग्लिश कूनहाउंड या रकून-शिकारी जातीतच धरत, 1946 साली यूकेसी या कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन संस्थेने वेगळी जात म्हणून नोंदवली. टेनेसी विद्यापीठाचं शुभंकर कुत्रं स्मोकी 1953 पासून ब्लूटिकच. सगळं खरं. मी एकेक गोष्ट पडताळून पाहिली आणि प्रत्येक खऱ्या गोष्टीगणिक जास्त आंधळा झालो. पडताळायचं होतं कुत्रं.

चार वर्षांचा 'फिनिश्ड डॉग', म्हणजे पुरता शिकवलेला, हरणाकडे ढुंकूनही बघत नाही म्हणे. 3,500 डॉलर. आणि व्हिडिओ, "याच आठवड्यातला". अंधार, कुत्रं झाडावर पाय टेकून भुंकतंय, मागे रातकिड्यांचा गजर. सात जानेवारीला मी तो चार वेळा पाहिला. बाहेर उणे नऊ. आमच्या रानात एक पान नाही, एक किडा नाही, आणि त्या व्हिडिओत झाड हिरवंगार! टेनेसी काही केरळात नाही, तिथेही जानेवारी जानेवारीच असतो. आणि मी काय केलं? त्या आवाजाने पावसाळ्यातली गावाकडची पडवी आठवली, डोळे भरून आले आणि 500 आगाऊ पाठवले. ही एकच गोष्ट मला अजून रात्री झोपू देत नाही.

म्हातारा म्हणाला होता, "जात राहू दे. एक रात्र त्याला रानात घेऊन जा, मग पैसे." इथला रिवाजच आहे तो, सरळ विक्रेता आठवडाभर ट्रायलला देतो. माझा म्हणाला, ट्रायलला वेळ नाही, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. बँकेच्या रोजच्या मर्यादेमुळे दुसऱ्या दिवशी 2,000 आणि तिसऱ्या दिवशी 1,000 पाठवले. वर 280 वाहतुकीचे. आय-75 हायवेवरच्या एका पेट्रोल पंपावर त्याच्या 'भावाने' कुत्रं दिलं, जातीच्या नोंदणीचे कागद पाकिटात बंद. पाकीट मी घरी येऊन उघडलं. तिथेच उघडा हो, थंडी वाजली तरी!

पहिल्या रात्री कुत्रं तासभर माझ्या पायात घुटमळलं, मग हरणामागे गेलं ते पहाटे तीन वाजता कुणाच्या तरी व्हरांड्यात सापडलं. डॉक्टरने दात पाहून सात-आठ वर्षांचं सांगितलं. कातडीखालची ओळखीची चिप तपासली तर ती एका शेल्टरची, म्हणजे बेवारस प्राण्यांच्या आसऱ्याची. तिथून नोव्हेंबरात दत्तक दिलेलं, फी 90 डॉलर. कागदावरचा कुत्रा वेगळाच, त्याच्या खऱ्या मालकाकडे सुखात आहे. चिप तपासायला पाच मिनिटं लागतात. पैशांआधी तपासा.

फोन अर्थातच बंद. शेरिफच्या ऑफिसात म्हणाले, "कुत्रं मिळालं ना? मग हा दिवाणी मामला." त्याच्या काउंटीत फोन केला तर म्हणाले, तुमच्या काउंटीत तक्रार करा. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, खातं हॅक झालेलं नाही. एवढं सांगायला अकरा दिवस आणि चार वेगळ्या बायका, प्रत्येकीला पहिल्यापासून कहाणी. ऑनलाइन तक्रारीला यंत्राने पोच दिली, पुढे शुकशुकाट. ग्राहक विभागाने त्याला पत्र धाडलं, ते 'असा पत्ता नाही' म्हणून परत आलं, त्याची प्रत मात्र मला अगदी तत्परतेने पाठवली. ओहायोत स्मॉल क्लेम्सची (छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टाची) मर्यादा 6,000 डॉलर, माझी रक्कम आरामात बसते. पण समन्स बजावायचं कुणावर? एकाने तर विचारलं, "रकून मारायला कुत्रं कशाला लागतं?" यासाठी मी अर्धा दिवस रजा टाकली होती.

बायको म्हणाली, "अहो, एवढ्यात दोघं साताऱ्याला जाऊन आलो असतो." कुत्रं तिनेच ठेवून घेतलं. त्या मुक्या जीवाचा काय दोष.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. कुत्र्याचं नाव नवं, वय तीन, भाव 3,800. मी खाली लिहिलं, दहा मिनिटांत ब्लॉक. व्हिडिओ तोच आहे: शेवटी बॅटरी डावीकडे फिरते तेव्हा पांढऱ्या पिकअपचं मागचं फळकूट दिसतं, त्याची उजवी कडी तुटलेली आहे. आवाज मोठा करून ऐका.