गीतकाराचं सन्मानचिन्ह: ॲक्रिलिक, सागवान की बांबू?

खंजिरी भजनाची स्पर्धा असो की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या नाटकांचा गौरव, गायकाला ढाल मिळते, नटाला मिळते. शब्द लिहिणारा आणि चाल बांधणारा मात्र शाल-श्रीफळावर उरकला जातो. हे काही गावाकडचंच नाही. फिल्मफेअरची बाहुली संगीतकाराला पहिल्याच वर्षी, १९५४ साली, मिळाली. नौशाद तिचे मानकरी. गीतकाराला ती मिळायला १९५९ उजाडलं, तेव्हा शैलेंद्र. तर एखादं मंडळ गीतकार आणि संगीतकारासाठी वेगळं चिन्ह करायला निघालंच, तर तालुक्याच्या दुकानात काय मिळतं नि त्यातलं काय टिकतं, ते पाहू.

सगळ्यात जास्त खपतं ॲक्रिलिक. ५ मिमी जाडीचं घेतलं तर शाळेच्या गॅदरिंगचं वाटतं, म्हणून ८ ते १० मिमी सांगावं. लेसरनं कापलेली कड काचेसारखी चमकते, पण तिच्यात ताण राहिलेला असतो. दुकानदारानं देताना स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली की त्याच कडेला जाळ्यासारख्या बारीक भेगा उमटतात आणि त्या परत जात नाहीत. ओलं सुती फडकं पुरे. दुसरं दुखणं जोडाचं. उभी पाटी तळाला दुहेरी टेपनं चिकटवलेली असेल तर मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत टेप सुटते आणि सत्काराच्या वेळी पाटी पाहुण्यांच्या हातात, तळ टेबलावर. तळात खाच पाडून, खालून स्क्रू मारून घ्यावी.

एमडीएफवर, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर, छापील पत्रा नकोच. स्वस्त आहे, पण एका पावसाळ्यात कडा पापडासारख्या फुगतात आणि उजेडात ठेवला तर छपाई फिकी पडते.

आमची पसंती सागवानाला, त्यावर पितळी पट्टी. आलापल्ली-बल्लारशाच्या सागाचं नाव आहेच, पण नुसता साग म्हणून भागत नाही. लाकूड वाळलेलं हवं. ओलसर फळी उन्हाळ्यात आकसते, पट्टी मात्र आकसत नाही, मग ती मधोमध फुगते. फळी १८ ते २० मिमी असावी. पितळ म्हणून सोनेरी रंगाचं ॲल्युमिनियमही खपवतात. चुंबक लावून कळत नाही, दोन्हींना चिकटत नाही. पट्टीच्या मागच्या बाजूला खिळ्यानं ओरखडा काढावा, पांढरा निघाला तर ॲल्युमिनियम. पितळेवर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक रोगणाचा, हात हवा, नाहीतर बोटांच्या घामानं डाग पडतात. आणि लॅकर मारलेली पट्टी चिंचेनं घासायची नाही, हे घेणाऱ्यालाही सांगावं.

बांबूचं चिन्ह दिसायला सगळ्यांत देखणं. मेळघाटातलं लवादा किंवा चंद्रपूरजवळचं चिचपल्ली, दोन्हीकडे बांबूकाम जाणणारे हात आहेत. एकच विचारायचं: बांबूला बोरिक-बोरॅक्सची प्रक्रिया झाली आहे का? नसेल तर काही महिन्यांत खाली पिवळा भुसा दिसू लागतो, म्हणजे घुण लागला. अक्षरं थेट बांबूवर जाळून घेऊ नयेत. धाग्यांत बारीक अक्षर फाटतं. इथंही पट्टीच बसवावी.

आता खरा घोळ. लाकूड-बांबूवरून कोणी रडत नाही, नाव चुकलं की रडतात. मजकूर आपण व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये पाठवतो आणि दुकानातला ऑपरेटर कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फॉन्टात तो पुन्हा टाइप करतो. चुका तिथं होतात: रफार पुढच्या अक्षरावर जातो, ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो, ‘ळ’चा ‘ल’. म्हणून मजकुराचा स्वच्छ फोटोही सोबत द्यावा आणि अक्षरं कर्व्ह केल्यानंतरचंच, म्हणजे फॉन्टातून नुसत्या आकारांत बदलल्यानंतरचंच, प्रूफ तपासावं. आधीचं प्रूफ तपासून उपयोग नाही, कारण फाइल दुसऱ्या संगणकावर लेसरसाठी उघडली आणि तिथं तो फॉन्ट नसला तर भलतंच कोरलं जातं. अक्षराची उंची ४ मिमीच्या खाली नको. ‘क्ष’, ‘ष्ठ’ यांची पोटं बुजतात.

मजकुरात ‘उत्कृष्ट गीत’ एवढंच लिहू नये. ते कोणाचं, लिहिणाऱ्याचं की चाल लावणाऱ्याचं? ‘गीतलेखन’ आणि ‘संगीत’ अशी दोन चिन्हं करावीत, प्रत्येकावर गाण्याचा मुखडा, नाव, गाव, साल. भजनात सिनेमाची चाल घेतलेली असेल तर संगीताचं चिन्ह त्या वर्षी देऊ नये, हा नियम स्पर्धेच्या पत्रकातच छापलेला बरा.

ऑर्डर डिसेंबर-जानेवारीत देऊ नका. गॅदरिंग आणि २६ जानेवारीच्या ढालींत दुकानं बुडालेली असतात. चिन्हं आधी करून घ्यावीत आणि नावाच्या पट्ट्या निकालानंतर. त्यासाठी पट्टी चिकटवायची नाही, स्क्रूनं बसवायची. एक चिन्ह आणि दोन कोऱ्या पट्ट्या जास्तीच्या मागवून ठेवा. परीक्षक पुरस्कार विभागून देतात आणि ते सांगतात कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी.