सराय की हवेली?

लंडनला मुलाकडे गेलात आणि दोन रात्री गावाकडे काढायच्या असतील, तर माझ्या मनात दोन जुन्या हॉटेलांची नावं येतात: राय गावातली मर्मेड इन आणि एल्सबरीजवळचं हार्टवेल हाउस.

मर्मेडची तळघरं 1156 ची, वरची इमारत 1420 ची. अठराव्या शतकात हॉकहर्स्टच्या तस्करांचा इथे अड्डा होता. पांढऱ्या भिंतीत काळ्या लाकडाच्या तुळया, खाली शेकोटी, आणि दारासमोर दगडगोट्यांची चढणीची गल्ली. चाकांची बॅग तिथे खडखडत ओढण्यापेक्षा सरळ उचला. जमिनी तिरप्या, चौकटी ठेंगण्या. उंच माणसाला पहिल्याच दिवशी टेंगूळ! लिफ्टची अपेक्षा नको, त्यामुळे आईचे गुडघे दुखत असतील तर खोली विचारून घ्या.

हार्टवेलचा थाट वेगळा. फ्रान्सचा अठरावा लुई 1809 ते 1814 इथे परागंदा होऊन राहिला, लवाजम्यासकट. कोरीव लाकडी जिना, मोठाली दालनं, बाहेर तळं आणि हिरवळ. आता मालकी नॅशनल ट्रस्टची, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेची. पण संध्याकाळी पाय मोकळे करायला बाजार नाही, आणि जेवायला जरा नीटनेटकं बसावं लागतं. खर्चही सहसा जास्त.

आईबाबांना घेऊन, चहा-स्कोनवर दुपार काढायची असेल तर हार्टवेल. मी स्वतः मात्र मर्मेडच घेईन. पावसात अडकलं तरी शेकोटीपाशी बसता येतं, आणि उघडीप मिळाली की दाराबाहेर पाऊल टाकताच गाव सुरू होतं. शाकाहारी असाल तर दोन्हीकडे बुकिंग करतानाच सांगा.